राजा तोंडावर का आपटायचा?

राजा पुन्हा तोंडावर आपटला.

धप्पकन आवाज झाला. रंगमंचाच्या फळ्या हादरल्या आणि शाळेच्या छपरावरची कबुतरं भर्रकन उडाली. पुठ्ठ्याच्या कालयानात उभी असलेली रुंजी दचकून मागं सरकली. समोर राजा पालथा पडला होता. नाक फळीत, पाय हवेत, आणि चेहरा मात्र जसाच्या तसा भयंकर!

"पडला का बापा पुन्हा?" लहानुभाऊंनी कपाळावर हात मारला. "अरे, राजा हायेस का ओंडका? काहून पडतेस गा तू?"

ही गोष्ट तशी फार जुनी नाही. पण तुमच्यासारख्या पोरांना ती जुनीच वाटणार. यंत्रमानव तेव्हा नुकतेच गावागावांत यायला लागले होते. आता तुमच्या दारात एखादं यंत्र आलं, तर तुम्ही हातातल्या चिवड्यावरची नजरसुद्धा काढत नाही. तेव्हा तसं नव्हतं हो! औषध फवारणारं साधं उडतं यंत्र आलं, तरी अख्खी गल्ली त्याच्यामागं धावायची. मग गावात खऱ्याच्या निम्म्या आकाराचा चालता-फिरता डायनोसॉर आला म्हटल्यावर पळसटोलीत काय झालं असेल, याचा तुम्हीच विचार करा. शाळेला सुट्टी नव्हती, पण वर्गात कुणी नव्हतं. गुरुजीसुद्धा नव्हते!

हा डायनोसॉर आला होता मंडईसाठी. दिवाळी झाली, धान कापून घरात आलं, की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि मुख्य म्हणजे नाटक होतं. आज हे सांगताना माझ्या नाकात तिथल्या गरम जिलेबीचा वास येतोय, त्याला माझा इलाज नाही. पण त्या वर्षांत लोकांना डोळ्यांवर चष्मा लावून घरबसल्या अख्खं जग बघायची चटक लागली होती. नाटकाला पहिल्या चार रांगा भरल्या तरी खूप, अशी वेळ आली होती.

नाटक मंडळीचे मालक, लेखक आणि दिग्दर्शक असं सगळं काही असलेले लहानुभाऊ शेंडे यांनी त्या वर्षी सरळ सांगून टाकलं होतं, "यंदा लोकं आले नाहीत, तर पडदा गुंडाळतो. पुढच्या मंडईत आपलं नाटक नाही."

म्हणून तर त्यांनी नागपूरच्या एका विज्ञान-दालनाच्या मागं लागून राजाला आणलं होतं. नाटकात तो एकच डायनोसॉर खरा म्हणजे यंत्राचा. बाकीचे लांब मानेचे डायनोसॉर बांबूचे आणि कापडाचे, आत गावातली पोरं. आणि कालयानातून साडेसहा कोटी वर्षं मागं जाणारी मुलगी कोण? तर आपली रुंजी. खरं नाव ऋजुता कापगते, इयत्ता सहावी. आयुष्यातली पहिली भूमिका, आणि तीही डायनोसॉरसोबत! आनंदानं तिला आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

राजाची काळजी घ्यायला नागपूरहून फरीन शेख नावाची तरुण अभियंता आली होती. तिनं धावत येऊन राजाला कप्पीनं उभं केलं, त्याच्या पोटाचं झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं.

"मोटारी ठणठणीत. बॅटरी ठणठणीत. मला काही कळतच नाहीये," ती बाहेर येऊन म्हणाली. "नागपुरात बटण दाबून मी याला दिवसभर पळवलाय. कधी ठेचसुद्धा लागली नाही. म्हणून तर इथं बोललेलं ऐकून काम करायला शिकवला. झाडीबोलीसुद्धा कळते त्याला."

"चालतोय तर चांगला," लहानुभाऊ म्हणाले. "डरकाळी फोडते, मान फिरवते. पण शेवटाला लांब मानेवाले चाल करून येतात आणि हा भिऊन पळते ना, तिथंच बरोबर पडते."

"लहानुभाऊ, वाईट वाटून घेऊ नका," फरीनताईचा आवाज खाली आला. "उद्या समोर लहान मुलं बसणार. हा त्यांच्यावर पडला तर? आज संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर मी याला गाडीत घालून परत नेणार."

लहानुभाऊंनी नुसती खांद्यावरच्या पंच्यानं राजाच्या नाकावरची धूळ पुसली. रुंजी ते बघत होती. राजा गेला तर नाटक गेलं, आणि नाटक गेलं तर लहानुभाऊंचं काय उरलं? ती कालयानाचा पुठ्ठा तिथंच टाकून घराकडं पळाली. कारण साऱ्या गावात डायनोसॉरबद्दल विचारावं असा एकच माणूस होता, आणि तो तिच्याच घरात झोपाळ्यावर बसून संत्रं सोलत होता.

"आबाजी! राजा पडतोय!"

आबाजी म्हणजे रुंजीचे आजोबा, डॉक्टर यशवंत कापगते. डॉक्टर असले तरी गोळ्या देणारे नव्हेत. ते जीवाश्मतज्ज्ञ होते. (जीवाश्म म्हणजे फार प्राचीन काळच्या जीवांची, मातीत गाडली जाऊन दगड झालेली हाडं, दात, अंडी किंवा त्यांचे ठसे.) आयुष्यभर नर्मदेच्या काठाकाठानं दगड फोडत हिंडले आणि म्हातारपणी पळसटोलीत परत आले. गावातल्या कुणी त्यांना त्या दगडांबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. आपलं काम म्हणजे मेलेल्या हाडांची उठाठेव, त्यात लोकांना काय रस असणार, असं ते हसून म्हणायचे. पण हसताना त्यांचे डोळे हसायचे नाहीत, हे रुंजीला माहीत होतं.

त्यांनी संत्र्याची फोड तिच्या हातावर ठेवली आणि चप्पल शोधायला लागले.

रंगमंचाजवळ येऊन आबाजी राजासमोर उभे राहिले. त्यांनी त्याच्या कपाळावरच्या ठेंगण्या शिंगावर हात ठेवला.

"राजासॉरस," ते हळूच म्हणाले. "नर्मदेचा राजा. याची डोक्याची हाडं हातात घेतली होती मी. पण याला उभा कधी पाहिला नव्हता."

"यशवंता, भावुक नंतर हो," लहानुभाऊ म्हणाले. "आधी हा काहून पडते ते सांग."

"सांगतो लहान्या, सांगतो. रुंजी, इकडं ये. चोर कुठं लपलाय ते नाकापासून शोधू. डोकं बघ. केवढं आहे?"

"खूप मोठं. जड असणार. म्हणून पडतो?"

"मोठं आहे, पण आत खिडक्या आहेत. कवटीला मोठमोठी भोकं असतात, त्यामुळं वजन कमी होतं. जबडा आखूड आणि उंच. दात करवतीसारखे धारदार. झुडपात दबा धरून बसायचं, लांब मानेवाल्याचं एखादं पिल्लू कळपातून मागं पडलं की झेप घ्यायची, आणि एकदा चावा घेतला की सोडायचं नाही, असा याचा धंदा असावा. दात पडला तरी चिंता नाही, त्या जागी नवा यायचा. जन्मभर."

"माझ्या दाढेसारखं नाही म्हणजे," लहानुभाऊ पुटपुटले.

"मानेची हाडंही पोकळ. पक्ष्यांच्या हाडांत हवा असते ना, तशीच. पक्षी म्हणजे या शिकारी डायनोसॉरांचेच वंशज आहेत. कोंबडी खाताना कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच." आबाजींनी राजाचे इवलेसे हात धरून हलवले. "हे हात मात्र काही कामाचे नाहीत. पडताना टेकवायचे म्हटले तरी जमिनीपर्यंत पोचणार नाहीत."

"पाय?"

"पाय भक्कम आहेत, फरीननं तपासलेत. राहिलं काय?"

रुंजी राजाच्या मागं गेली. "शेपूट. पण शेपटाचा पडण्याशी काय संबंध? ते तर आपलं शोभेचं असतं. बैलाचं माश्या हाकलायला तरी होतं."

आबाजींच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते रुंजीनं पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"लहान्या, ऐकलंस? शोभेचं म्हणे! आठवतं का, आपण दोघं दंडारीच्या खेळात बैल व्हायचो? तू पुढचा, मी मागचा. तुला शिंगं, तुला टाळ्या. मी आपला गोधडीखाली वाकून, तुझी कंबर धरून. एकदा मला शिंक आली आणि मी हात सोडले..."

"अन् मी पाटलाच्या मांडीवर जाऊन पडलो!" लहानुभाऊ एवढे हसले की त्यांना खोकला आला. "साऱ्या मंडईत बोंब झाली बापा, बैल पाटलाले दत्तक गेला म्हणून!"

"मागच्या अर्ध्याची किंमत मला त्या दिवशी कळली. रुंजी, आता एक कर. त्या भिंतीला पाठ लावून उभी राहा. टाचा भिंतीला घट्ट टेकव. हां. आता गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धर."

हे तुम्हीही करून बघा. आत्ता लगेच करा, गोष्ट कुठं पळून जात नाही. फक्त समोर कुणाला तरी उभं करा.

रुंजी वाकली आणि अर्ध्यावरच "अगं आई गं!" करत पुढं कोलमडली. फरीनताईनं तिला झेललं.

"भिंतीशिवाय वाकते तेव्हा का पडत नाही?" आबाजींनी विचारलं.

रुंजीनं भिंतीपासून दूर होऊन वाकून पाहिलं. मग पुन्हा एकदा. "डोकं पुढं गेलं की माझं बूड आपोआप मागं जातं. भिंत असली की मागं जायला जागाच नाही!"

"शाबास. प्रत्येक वस्तूला गुरुत्वमध्य असतो. (गुरुत्वमध्य म्हणजे जणू सगळं वजन जिथं एकवटलंय, तो बिंदू.) तो बिंदू पावलांच्या वर राहिला तर आपण उभे. पावलांच्या पुढं गेला की आडवे. आता राजाकडं बघ. हा माणसासारखा ताठ उभा राहत नाही. पाठ जमिनीला समांतर. डोकं, छाती, पोट, सगळं पायांच्या पुढं. मग तो उभा कसा राहतो?"

रुंजीनं राजाला एका बाजूनं नीट पाहिलं. तिला खांद्यावर कावड घेतलेला माणूस आठवला, दोन्हीकडं दोन घडे. "कावड! पाय म्हणजे खांदा. पुढचा घडा डोकं आणि पोट, मागचा घडा शेपूट!"

"अगदी बरोब्बर. आणि हे शेपूट नुसतं वजन नाही, ते इंजिनसुद्धा आहे. शेपटाच्या मुळापासून मांडीच्या हाडापर्यंत एक जाडजूड स्नायू असतो. त्याला पुच्छ-ऊरू स्नायू म्हणतात. (पुच्छ म्हणजे शेपूट, ऊरू म्हणजे मांडी.) तो आखडला की पाय जोरानं मागं ओढला जातो आणि गडी पुढं सुटतो. शेपूट ताठ असेल तरच ही ओढ लागते. याच्या एका दक्षिण अमेरिकेतल्या नातलगाच्या शेपटाची हाडं तर एकमेकांत अडकून पक्की बसलेली सापडलीत. सरळ रेषेत पळायला एकदम बहाद्दर, पण झटकन वळता येत नसणार. आपल्या राजाचंही तसंच असेल का? ठाऊक नाही. त्याचं अख्खं शेपूट अजून कुणालाच सापडलेलं नाही."

रुंजीच्या कपाळावर आठी पडली. "पण आबाजी, आपल्या राजाला तर अख्खं शेपूट आहे. जडही आहे. मग पडतो कशाला?"

इथं आबाजींचंही घोडं अडलं.

"मले वाटते, एकदा पुन्हा करून पाहू," लहानुभाऊ म्हणाले. "फरीन, त्याले दोरानं वर बांधून ठेव म्हणजे झालं. रुंजी, तू बाजूनं बघ."

फरीनताईनं राजाच्या पाठीला कप्पीचा दोर अडकवला. लहानुभाऊ नेहमीच्या जागी उभे राहिले, छाती फुगवली आणि नेहमीच्या भारदस्त आवाजात सूचना द्यायला लागले. "राजा, पुढं ये! डरकाळी फोड! आता लांब मानेवाले आले. घाबर! शेपूट घालून पळ!"

रुंजीचे डोळे या वेळी राजाच्या तोंडावर नव्हते, मागं होते. ताठ शेपूट थरथरलं, खाली गेलं, वाकलं, आणि दोन पायांच्या मधून पुढं यायला लागलं. राजानं पळायला पाऊल उचललं आणि तो पुढं कोसळला. दोरानं त्याला अधांतरी धरलं.

"थांबा!" रुंजी किंचाळलीच. "लहानुभाऊ, तुम्ही काय म्हणालात?"

"का म्हणालो? शेपूट घालून पळ म्हणालो. म्हणजे भिऊन पळ."

"ते तुम्हाला माहीत! राजाला काय माहीत? त्यानं खरंच शेपूट घातलं!"

फरीनताईनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"या अल्लाह! मी त्याला शब्द शिकवले. शेपूट शिकवलं, घालणं शिकवलं. वाक्प्रचार शिकवलेच नाहीत! आणि मी इथं चार दिवस तेच वाक्य ऐकतेय आणि मोटारी तपासतेय!"

आता हसू नका. तुम्ही तरी ओळखलं असतं का? आपण "पोटात कावळे ओरडतात" म्हणतो तेव्हा कुणी पोटाला कान लावून बघतं का? शेपूट घालतं ते कुत्रं, पण रोजच्या बोलण्यात ते आपल्याला दिसतच नाही. गंमत म्हणजे ज्यानं ते शेपूट घातलं, त्याच्या घराण्यात ते कुणालाच घालता आलं नसतं.

"खऱ्या राजावर ही वेळच आली नसती," आबाजी डोळे पुसत म्हणाले. हसून हसून पाणी आलं होतं. "खऱ्या राजासॉरसचं शेपूट मुळाशी इतकं जाड, की पायांत घालायचं म्हटलं तरी वळलं नसतं. नागपूरवाल्यांनी हौसेनं जास्तीचे सांधे बसवलेत. बिचारा राजा! तो जितका भिणार, तितकं त्याला शेपूट ताठच ठेवावं लागणार. नाहीतर पळणार कसा?"

"मग का म्हणू मी त्याले?" लहानुभाऊंनी विचारलं.

रुंजी राजाजवळ गेली. "राजा, शेपूट ताठ! मान खाली! पळ!"

आणि राजा पळाला. दोराला हिसका देत, फळ्या दणदणवत, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फरीनताईनं गाडीची चावी पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी नाटक सुरू झालं. पहिल्या चार रांगाच नव्हे, मागची झाडंसुद्धा माणसांनी भरली होती. पोरं आपापल्या आजीच्या मांडीवर, आणि सगळ्यांचे चष्मे घरी! रुंजी कालयानातून उतरली, राजाची ओळख करून दिली, त्याचे दात दाखवले, हात दाखवले. लोक जागचे हलेनात.

मग बांबूचे लांब मानेवाले डुलत आले. ढोल घुमले. पडद्याआडून लहानुभाऊंना काही राहवेना. ऐन रंगात आलेला नट तो, कालची शिकवणी पार विसरला आणि गरजला, "घाबर राजा! शेपूट घालून..."

राजाचं शेपूट थरथरून खाली यायला लागलं होतं. पुढच्या रांगेतली पोरं अगदी हाताच्या अंतरावर होती.

"राजा!" रुंजी जिवाच्या आकांतानं ओरडली. "शेपूट ताठ! मान खाली! मागं फीर! पळ!"

शेपूट ताडकन वर उठलं. राजा वळायला लागला. पण चटकन वळणं त्याच्या अंगातच नव्हतं. अर्धाच वळून तो सुसाट सुटला, तो बाजूच्या उतारावरून थेट खाली, माणसांच्या मधल्या वाटेवर! "वाका! वाका!" असा एकच गलका झाला. त्याचं लांबलचक ताठ शेपूट लोकांच्या डोक्यांवरून, पागोट्यांवरून, फुगेवाल्याच्या फुग्यांवरून सूंऽऽ करत गेलं आणि मागून फरीनताई धावत गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. राजा जिलेबीच्या दुकानापाशी जाऊन शहाण्यासारखा थांबला.

आणि मग ज्या टाळ्या पडल्या! लहानुभाऊ पडद्याबाहेर आले, हात जोडले आणि लहान मुलासारखे रडले. पुढच्या वर्षी कुठला प्राणी आणणार, असं लोक तिथंच विचारायला लागले होते. आणि आबाजी? त्यांना पोरांनी घेरलं होतं. तो खायचा काय? झोपायचा कसा? त्याची अंडी केवढी? आयुष्यभर कुणी न विचारलेले सगळे प्रश्न त्यांना एका संध्याकाळी विचारले गेले, आणि त्यांनी एकालाही घाईत उत्तर दिलं नाही.

मंडई अजून भरते. आबाजी आता नाहीत. राजाही जुना होऊन एका कोपऱ्यात विसावलाय. पण रुंजी मोठी झाली आणि जीवाश्मतज्ज्ञ झाली. राजासॉरसचं अख्खं शेपूट शोधायला नर्मदेकडं जायचं ठरलं, त्या सकाळी ती पिशवी घेऊन बसथांब्यावर उभी होती. पहिल्यांदाच एकटी, एवढ्या लांब. तिला भीती वाटत होती. आबाजी हवे होते, असं तिला राहून राहून वाटत होतं.

बस आली. सोडायला आलेले लहानुभाऊ आता काठी टेकत चालत होते. आवाज मात्र तोच, साऱ्या थांब्याला ऐकू जाईल असा.

"ए पोट्टे!" ते गरजले. "शेपूट ताठ!"

रुंजीनं मान वर केली, हसली आणि बसमध्ये चढली.